गजभर बोळ

१

दिग्विजय सकाळीच दारात उभा राहिला. एका हातात कानडी नोटीस, दुसऱ्या हातात हेल्मेट, आणि चेहऱ्यावर असा भाव की त्या दोन्हींपैकी एक माझ्या डोक्यात घालावं.

"भावकूआण्णा, खुंट्या तुमीच मारलत्या न्हवं?"

"मीच."

"मग भिंत पाडा म्हणून का लिवलंय?"

मी चष्मा लावून नोटीस वाचली. पूर्वेची भिंत सेटबॅकमध्ये, म्हणजे हद्दीलगत मोकळी सोडायच्या जागेत, आली आहे, महिन्याच्या आत पाडावी, नाहीतर नगरपंचायतीचं ऑफिस पाडेल आणि खर्च वसूल करेल. खाली सही, त्यावर शिक्का, आणि शिक्का असा दाबून मारलेला की कागद फाटता फाटता राहिला होता.

मी सर्व्हे खात्यात मोजणीदार होतो. मूळचा जांबोटीचा, पण नोकरीच्या नादाने बेळगावला आलो आणि निवृत्तीनंतर इथे पिरनवाडीत घर बांधून राहिलो. निवृत्त माणसाला लोक लग्नात अक्षता टाकायला नाहीतर भांडणात साक्ष द्यायला बोलावतात. मला तिसरंही काम मिळतं. नवं घर बांधणाऱ्यांना मी नकाशाप्रमाणे आखणी करून, कोपऱ्यांवर खुंट्या मारून देतो. बायको गेल्यापासून घरात एका माणसाचा भात लावतो आणि तोही उरतो, तेव्हा असल्या कामाला नाही म्हणायचं कारण नसतं.

दिग्विजयचं दुखणं मला ठाऊक होतं. या घराच्या परवान्यासाठी त्याने मच्छे गावच्या कारखान्यातल्या सगळ्या रजा ऑफिसच्या बाकड्यावर बसून घालवल्या होत्या. आज साहेब मीटिंगला, उद्या सर्व्हर बंद, परवा उताऱ्यावर आजोबांचं नाव चुकलेलं. नकाशा एकदा मंजुरीला गेला तर आईच हटून बसली, पूर्वेला खिडकी पाहिजे म्हणून. पुन्हा नवा नकाशा, पुन्हा तेच बाकडं. एवढं करून परवाना आला, पाया भरला, आणि श्रावणात आई गेली. भाग्यलक्ष्मी तिचं नाव. तिने नव्या घराची जोत्यापर्यंतची उंची पाहिली, त्यापुढची नाही.

आम्ही प्लॉटवर गेलो. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या होत्या. पूर्वेला शेजारी ताराबाईंचं एकटंच घर. ते जुनं, ग्रामपंचायतीच्या काळातलं, हद्दीपासून हातभर सोडून बांधलेलं. ताराबाई नेहमीप्रमाणे खिडकीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, पण रोजच्यासारखं चहाला बोलावलं नाही.

हद्दीचे दगड जागेवर होते. मी टेप धरला. नियमाने हद्दीपासून एक मीटर सुटायला हवं होतं. भिंत त्याच्या निम्म्यावरच उभी होती. दुसऱ्या टोकाला मोजलं, तिथेही तेवढंच. केसभर इकडेतिकडे नाही.

"म्हंजे तुमी चुकला," दिग्विजय म्हणाला.

"मी मारलेल्या खुंट्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, टेपसकट. बघ."

त्याने फोटो मोठा करून बघितला. खुंट्या कोणीतरी उपटून पुन्हा मारल्या होत्या. खोडसाळपणाने उपटणारा माणूस एक इकडे आणि एक तिकडे ठोकतो. इथे दोन्ही खुंट्या सारख्याच सरकल्या होत्या. ज्याने केलं त्याने मोजून केलं होतं.

"त्यो मेस्त्रीच असणार," दिग्विजय म्हणाला. "उद्या पोलिसात देतो त्याला."

"उद्या नको. मला दोन दिवस दे."

२

नागराज मेस्त्री मजगावच्या एका कामावर सापडला. माणूस कानडी, पण भांडायला लागला की मराठीत येतो.

"मी का सरकवू? विटा मालकाच्या, सिमिट मालकाचं. भिंत बाहेर गेली तर मला काय मिळतंय?"

"आखणी पुन्हा मोजली नाहीस?"

"मोजणीदारानं खुंट्या मारल्या, मी सुतळी बांधली. तुमच्यावर इस्वास ठेवला ही चूक झाली काय माझी?"

मी विचारलं, खोली मोठी निघते हे तरी कळलं असेल ना.

"कळलं की. मालकाला सांगितलं बी. ते म्हनले, बरं झालं, आईचा देव्हारा ऐसपैस बसंल." त्याने थापी बाजूला ठेवली. "लई चांगली बाई हुती. रोज ताक पाठवायची आमास्नी."

पायाच्या आदल्या संध्याकाळी प्लॉटवर पूजा झाली होती. मी दुपारी आखणी करून घरी आलो होतो, मला ताप होता. मेस्त्री दुसऱ्या सकाळी कामावर आला तेव्हा खुंट्या पूजेचं हळदीकुंकू लेवून उभ्या होत्या, आणि त्याने सरळ सुतळी ओढली. म्हणजे खुंट्या त्या संध्याकाळीच हलल्या.

"त्या खुंट्या कुठे आहेत आता?"

"हायत की. साग हाय, टाकतो काय?"

त्याने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीतून चारही खुंट्या काढल्या. मी त्या उन्हात धरून बघितल्या. पश्चिमेच्या दोन्हींवर कुंकवाचा एकेक टिळा राहिला होता. पूर्वेच्या दोन्हींवर मात्र आधी फरफटलेला एक पुसट डाग होता आणि त्याच्यावर दुसरा, जाड, नीट लावलेला. मी त्या दोन मागून घेतल्या.

परत येताना पुन्हा प्लॉटवर थांबलो. एक गोष्ट डोक्यात खुपत होती. मेस्त्रीने स्वतःच्या सोयीसाठी केलं असतं तर हद्दीपासून फुटांत काहीतरी सरळ आकडा निघाला असता. दीड फूट, दोन फूट, काहीतरी. तसं काही निघत नव्हतं. मग मी उगाच टेपचं टोक ताराबाईंच्या भिंतीला लावलं आणि नव्या भिंतीपर्यंत ओढलं.

तीन फूट आणि वर तीन बोटं. दुसऱ्या टोकाला मोजलं तर तिथेही तीन फूट आणि तीन बोटं.

शेजाऱ्याच्या भिंतीपासून कोण मोजतं? मेस्त्री मोजत नाही, इंजिनिअर मोजत नाही आणि मी तर नाहीच. आम्हाला दोन घरांमध्ये हद्द दिसते. खुंट्या हलवणाऱ्याला हद्द दिसतच नव्हती.

मान वर केली तेव्हा ताराबाईंनी खिडकी लावून घेतली होती.

३

मागच्या प्लॉटवरचा विक्रम स्वतःहून मला भेटायला आला. त्याच्या मनात चोर होता आणि तो लपवायची त्याला अक्कल नव्हती.

"तक्रार मीच दिली, आण्णा. सांगून टाकतो. माझी गॅलरी पाडायला लावली त्यांनी. घरात पाव्हणे हुते, आणि ह्यांनी घण घालून पाडली. मग दुसऱ्यानं सेटबॅक खाल्लेला मी कसा खपवून घेऊ?"

"आणि खुंट्या?"

"खुंट्यांला मी हात लावला न्हाय. देवाशप्पथ."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. खुंट्या हलल्या तेव्हा त्याची गॅलरी अजून पडायची होती. तेव्हा तर त्याचं आणि दिग्विजयचं बरं चाललं होतं. नियमांची गंमत अशी असते की ज्याचं घर पडतं तो ऑफिसवर चिडत नाही, शेजाऱ्याचं कसं उभं राहिलं म्हणून चिडतो. आमच्या वसाहतीत या एका कारणावरून हळदीकुंकवाची बोलावणीसुद्धा बंद झाली आहेत.

"पूजेला होतास ना तू? कोण कोण होतं?"

"सगळीच. दिग्या, त्याचे वडील अप्पासाहेब, मेस्त्री, मी. पूजा झाल्यावर आमी बापय माणसं कोपऱ्यावर भजी खायला गेलतो. भाग्याक्का आन् ताराकाकू मागं भांडी आवरत हुत्या."

"परत आलात तेव्हा?"

"तेवा काय, दोगी हसत हुत्या. ताराकाकूला हसताना मी पैल्यांदाच बघितलं."

४

अप्पासाहेब अजून वडगावातल्या जुन्या घरीच राहत होते. त्या विणकरांच्या गल्लीत पूर्वी बोलायचं तर ओरडावं लागे, इतके माग चालायचे. आता अप्पासाहेबांच्या घरात शिरलो तर भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. म्हातारा बंद मागाजवळ खुर्ची टाकून बसला होता. शेजारी सुनेने पाठवलेला डबा तसाच होता.

"जेवला नाहीत?"

"जेवतो की. दोगं असली की जेवायला येळ ठरतो. एकट्याला काय, कवाबी."

मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्यांच्यासमोर बसून त्यांना जेवायला लावलं आणि बोलतं केलं.

या घराला मागे एक बोळ होता आणि बोळापलीकडे ताराबाईंचं जुनं घर. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या घराचा पुढचा भाग गेला. नवरा आधीच वारला होता, मुलगा युवराज बेंगळूरला. ताराबाई पिरनवाडीला एक जुनं घर घेऊन गेल्या, आणि तिथून भाग्यलक्ष्मीच्या मागे लागल्या, माझ्या शेजारचा प्लॉट घ्या म्हणून. वडगावातल्या त्या घराचा मागचा अर्धा भाग अजून उभा होता, कुलूप लावलेला.

"भाग्या सकाळी उठली की पैल्यांदा खिडकी उघडायची," अप्पासाहेब म्हणाले. "देव मागनं. आमटीची वाटी तिकडनं यायची, भाजीची हिकडनं जायची. आमच्या घरात अर्दी भांडी ताराबाईची हायत."

मी मागच्या खोलीत गेलो. खिडकीच्या चौकटीत खाली एक खाच होती, झिजून गुळगुळीत झालेली. पलीकडच्या बंद खिडकीतही तशीच खाच, अगदी समोर.

"ही खाच कसली?"

"गजाची. लोखंडी गज हुता आमचा, कापड मापायचा, टोकाला तीन बोटांची कडी बसवलेली. ह्या खिडकीतनं त्या खिडकीत आडवा टाकायच्या आन् रंगवलेल्या सुताच्या लडी त्याच्यावर वाळत घालायच्या. तो बरोब्बर बसायचा."

खोलीच्या भिंतीवर दोन खुंटाळी होती. दोन्ही रिकामी.

"गज कुठाय?"

"दिसला न्हाय बगा हल्ली. ताराबाईनं न्हेला असंल. हिची आठवण म्हणून."

मी बाहेर पडून बोळात शिरलो. तिथे एवढी अडचण होती की टेप उघडताना कोपर भिंतीला घासलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजलं.

तीन फूट आणि वर तीन बोटं.

५

ताराबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. मी काही विचारायच्या आत त्यांची नजर खिडकीवर गेली. गज तिथेच होता, खिडकीच्या वर, दोन खिळ्यांवर ठेवलेला.

"तुमी वडगावला गेलता," त्या म्हणाल्या.

"गेलतो."

"मग आता काय इचारताय? मीच हलवल्या खुंट्या. दिग्याला सांगा. पोलिसांस्नी बी सांगा, मेस्त्रीचं नाव नको."

त्या इतक्या पटकन बोलल्या की मला वाईट वाटलं. एकटं राहणारी माणसं असं उत्तर मनात तयार ठेवून बसतात. मी पिशवीतून दोन खुंट्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या.

"ह्यावर दोनदा हळदीकुंकू लागलंय. पहिलं पूजेत लागलं. खुंट्या हलवताना ते हाताने पुसलं गेलं, म्हणून कुणीतरी पुन्हा लावलं. काकू, नवरा गेल्यापासून तुम्ही कुंकवाच्या कोयरीला हात लावत नाही. बायकांनी आग्रह केला तरी लावत नाही, ही अख्ख्या वसाहतीला माहीत असलेली गोष्ट आहे. त्या दिवशी खुंट्यांना कुंकू लावायचा मान भाग्यलक्ष्मीचा होता. दुसऱ्यांदाही तिनेच लावलं."

ताराबाईंची नजर पुन्हा खिडकीवरच्या गजाकडे गेली.

"शिवाय गज लावून खुंटी मारायला दोन माणसं लागतात. एक टोक तुम्ही धरलंत."

त्यांनी एक खुंटी उचलून मांडीवर घेतली. तिच्यावरच्या डागावरून अंगठा फिरवला. मग बोलल्या.

"तुमी आखून गेला. बापय भजी खायला गेली. भाग्या माझ्या खिडकीपाशी हुबा ऱ्हायली आन् हात लांब केला. म्या बी केला. न्हाय पोचला. ती म्हनली, तारा, एवढं रान सोडून कोन ऱ्हातंय गं? मग पिशवीतनं गज काढला. मुद्दाम आणलता तिनं, तिच्या मनात आधीच आलतं. म्या म्हनलं, सरकारी माप हाय ते, नको. तर म्हनली, सरकारला काय ठाव, दोन घरांत किती जागा लागती? आपल्याला ठाव हाय."

"आणि मग?"

"मग काय. ह्या भिंतीपास्नं गज धरला, तिनं दगडानं खुंटी मारली. तिकडं बी तशीच. हसून हसून पोट दुखलं आमचं." त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "भिंत तेवडी आली वो आण्णा. जिथं पायजे तिथंच आली. खिडकीसमोर खिडकी. फकस्त ती न्हाय आली."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या खिडकीला अजून चौकट नव्हती. पलीकडे रिकामी खोली आणि वाळूचा ढीग.

"त्या पोराला तिचं नाव सांगू नका," ताराबाई म्हणाल्या. "आई गेली तवा हातची भाकरी टाकून पळत आला त्यो. तिच्यापायी भिंत पडती असं त्याच्या मनात नको. माझं नाव सांगा. मला कोन काय बोलणार? बोलायला तरी कोन येतंय हितं?"

दारात पायांचा आवाज झाला. दिग्विजय उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

६

"काकू, तुमी केलं हे?" तो म्हणाला.

"व्हय. मीच."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या आणि जे दिसलं तेच सांगितलं. त्या वेळी मात्र सांगायचं काम मी खुंटीवर सोपवलं. ताराबाईंच्या मांडीवरची खुंटी मी हळूच काढून घेतली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने ती फिरवून बघितली. डाग बघितला. मग वर खिळ्यांवरचा गज बघितला. तो गज त्याने जन्मापासून पाहिला होता.

"आई व्हय?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट न बघता तो गज काढून घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळाने समोरच्या बिनचौकटीच्या खिडकीत उभा राहिलेला दिसला. त्याने गज आडवा धरून पुढे केला. ताराबाईंनी इकडचं टोक आपल्या खिडकीत टेकवलं. गज बसला. ना आखूड, ना लांब.

दिग्विजय तिकडे तसाच उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसत नव्हता.

"काकू," तो म्हणाला, "च्या हाय काय?"

ताराबाईंनी चहा टाकला. कप मी धरू का विचारलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी कप खिडकीबाहेर धरला, त्याने हात लांब केला आणि घेतला. मधल्या मोकळ्या जागेत चहाचा थेंबही सांडला नाही. तो बिनप्लास्टरच्या भिंतीला टेकून सावकाश चहा प्याला. मी माझा कप हातात धरून उभा होतो, आणि मला माझ्या बायकोची आठवण झाली तशी बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

मी ऑफिसात जाऊन आलो. इंजिनिअर सौम्या मॅडम चांगल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, कारण काय पण असू दे, मीटर ते मीटरच. एकाला सोडलं तर उद्या सगळे गज घेऊन येतात." त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो.

भिंत पडली. नागराज मेस्त्रीनेच पाडली. मजुरी घ्यायला तयार नव्हता, दिग्विजयने त्याच्या खिशात कोंबली. घण घालण्याऐवजी त्याने वरून एकेक वीट सोडवून काढली आणि त्याच विटांनी नवी भिंत आत घेतली, हद्दीपासून एक मीटर. खोलीही लहान झाली. देव्हारा कोपऱ्यात सरकला. खिडकी मात्र दिग्विजयने समोरासमोरच ठेवली.

अप्पासाहेब राहायला आले तेव्हा मी गेलो होतो. ताराबाईंनी खिडकीतून वाटी पुढे केली. अप्पासाहेबांनी हात लांब केला. दोन्ही हात हवेत थांबले आणि मध्ये जागा उरली. म्हातारा ओशाळला.

ताराबाई आत गेल्या. गज घेऊन आल्या. वाटी डब्यात घातली, डब्याचा कान गजाच्या कडीत अडकवला आणि गज दोन्ही हातांनी धरून सावकाश पलीकडे सरकवला. डबा मध्ये जरा झुलला. अप्पासाहेबांनी तो काढून घेतला.

"गज कडीकडनं धरा, अप्पासाहेब," ताराबाई म्हणाल्या. "त्यो परत पायजे मला. वाटी न्हाय दिली तरी चालंल."

मी घरी आलो. माझं घर मी स्वतः आखलं होतं. चारी बाजूंना नियमाप्रमाणे जागा सोडलेली, एक बोटसुद्धा कमी नाही. आजवर मला त्याचा अभिमान होता. संध्याकाळी मी खिडकी उघडून बसलो. समोरच्या घराची खिडकी बंद होती आणि तिथपर्यंत माझ्याकडचं कुठलंच माप पोचत नव्हतं. मग उठून भात लावला. दोन माणसांचा लावला, आणि डबा भरून ताराबाईंच्या घराकडे निघालो.